मीडिया रूमच्या काकांचे मनापासून आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

शोधनिबंधाच्या शेवटी आभाराची एक ओळ छापतात. प्रयोगशाळेसाठी मीडिया, म्हणजे मॉस वाढवायचं पोषक माध्यम, तयार करण्याचं तुमचं काम त्या ओळीत मावत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

फिस्कोमिट्रियम पेटन्स या मॉसवर (शेवाळासारख्या दिसणाऱ्या इवल्या वनस्पतीवर) जगभर काम चालतं, कारण त्याचं हिरवं शरीर हॅप्लॉइड असतं. प्रत्येक जीनची एकच प्रत, त्यामुळे जीन काढला की परिणाम लगेच दिसतो. शिवाय दोन्ही टोकांना जुळणारा क्रम दिला की बाहेरचा डीएनए नेमक्या जागी जाऊन बसतो. पण त्यासाठी आधी चांगले प्रोटोप्लास्ट, म्हणजे भिंत काढलेल्या सुट्या पेशी, हव्यात, आणि त्या ठरतात तुमच्या प्लेटवर.

लिटरला 7 ग्रॅम अगार (मीडिया घट्ट करणारा पदार्थ), 0.92 ग्रॅम अमोनियम टार्टरेट. कॅल्शियम क्लोराइड मात्र वेगळं ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) अगदी शेवटी, प्लेट ओतण्याआधी. आधीच घातलं तर फॉस्फेटबरोबर साका बसतो आणि मीडिया गढूळ होतो. तुमच्या बाटल्या कायम नितळ!

अगारवर मॉसखाली अंथरायच्या सेलोफेनचं तर काय सांगावं. चकत्या पाण्यात भिजवून, फिल्टर पेपरच्या थरांत ऑटोक्लेव्ह करून, चिमट्याने एका कडेकडून टेकवत न्यायच्या, म्हणजे खाली हवेचा बुडबुडा राहत नाही. बुडबुड्यावरचा मॉस उपाशी राहतो आणि पिवळा पडतो. सेलोफेनच नसेल तर तंतू अगारमध्ये शिरतात, खरवडताना अगारही येतो. प्रोटोकॉलमध्ये हे एका वाक्यात उरकलेलं असतं. आमच्या मते अर्धा प्रयोग इथेच होतो.

दर आठवड्याला मॉस बारीक वाटून नव्या प्लेटवर पसरणं हेही तुमचंच. कमी वाटलं तर गाठी राहतात, जास्त वाटलं तर पेशी मरतात. 25 अंश, 16 तास उजेड, आणि सहा-सात दिवसांचा कोवळा प्रोटोनीमा, म्हणजे मॉसची तंतूंची अवस्था. 8.5 टक्के मॅनिटॉलच्या द्रावणातल्या ड्रिसेलेजमध्ये (पेशींच्या भिंती विरघळवणारं विकर) त्यातून अर्ध्या-पाऊण तासात प्रोटोप्लास्ट सुटतात. जुन्या तंतूंच्या भिंती जाड झालेल्या असतात, हाती कचराच जास्त लागतो.

आणखी एक. वर्षानुवर्षं नुसतं वाटून वाढवलेल्या ग्रॅन्सडेन या प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या वाणात बीजाणू धरण्याची क्षमता घटते. तुम्ही मूळ प्लेट 4 अंशांवर मंद उजेडात वेगळ्या जपता, प्रत्येकीवर तारीख आणि कितवं वाटण ते लिहिता. ती वही अशीच चालू ठेवा, काका. नव्या मुलांना दाखवायला आम्ही तिची एक प्रत मागून घेणार आहोत.

आपले,
मॉस गटातले सगळे