मॅडम, तुमच्या पेन्सिलीचे आभार

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आभार दोन ओळींत कळवता आले असते. पण बेटांवरच्या जैवविविधतेवर काम करू पाहणाऱ्या आणखी कुणाला तुमच्या शेऱ्यांचा उपयोग व्हावा, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी तुमची विद्यार्थिनी नव्हते, तुमची माझी ओळखही नव्हती. तरी माझा अठरा पानी संशोधन आराखडा तुम्ही वाचलात. आठवड्यानं परत आला तेव्हा समासात बोटभर जागा उरली नव्हती. 'हवामानबदलाचा बेटांवरील जैवविविधतेवर होणारा परिणाम' या माझ्या शीर्षकाखाली तुम्ही लिहिलं होतं, "हा प्रश्न नाही, हे अख्खं खातं आहे." दोन दिवस मी फुगून बसले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या पानावर मी मॉरिशसच्या तांबालाकोक झाडाची गोष्ट रंगवून लिहिली होती. या झाडाची कठीण बी डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, डोडो संपला म्हणून झाडही संपत आलं, जेमतेम १३ म्हातारी झाडं उरली, असं १९७७ मध्ये पक्षी-अभ्यासक स्टॅन्ली टेंपल यांनी मांडलं होतं. समासात तुमचा एकच शब्द होता: "टर्की?"

शोधत गेले. डोडो मिळणार कुठून, म्हणून टेंपल यांनी टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या. ७ पोटातच फुटल्या. उरलेल्या १० पेरल्या, त्यातल्या ३ रुजल्या. छान. पण कुणीच न खाल्लेल्या बिया शेजारी पेरल्या होत्या का? नव्हत्या. उलट अशा बिया रुजल्याच्या नोंदी १९४०च्या दशकातच होत्या आणि तेराहून जास्त झाडं, त्यातही तरुण झाडं, नंतर दाखवून दिली गेली. गोष्ट इतकी गोड होती की तुलनेच्या बियांची आठवण मला आलीच नाही. खरं सांगायचं तर गोष्ट मोडल्याचं वाईटही वाटलं.

गोगलगायींचं प्रकरण तर माझं स्वतःचं. एका छोट्या बेटावर पहिल्या खेपेला दिसलेल्या चार जाती दुसऱ्या खेपेला दिसल्या नाहीत आणि मी बिनदिक्कत 'स्थानिक पातळीवर नामशेष' लिहून मोकळी झाले. तुम्ही फोनवर विचारलंत, "पालापाचोळा ओला होता का?" नव्हता. कोरड्या दिवसांत ही मंडळी तोंडावर पडदा ओढून मातीत, सालीखाली बसून राहतात. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा गेले, पानांचा थर हातानं उलटत चार तास काढले. चारपैकी तीन सापडल्या. एक तर नखाएवढी, कुजक्या फांदीच्या खालच्या अंगाला चिकटलेली. मग तुम्ही सांगितलंत की ही चूक माझ्या एकटीची नाही. जॅरेड डायमंड यांनी कॅलिफोर्नियाच्या चॅनेल बेटांवरची १९६८ची पक्ष्यांची यादी १९१७च्या यादीशी ताडली आणि बऱ्याच जाती गेल्या, नव्या आल्या असं दाखवलं. त्यातलं किती खरं येणं-जाणं आणि किती नुसती मोजणीतली गफलत, यावर पुढं चांगलीच खडाजंगी झाली.

बेटावर किती जाती टिकतात याबद्दलचा मॅकआर्थर आणि विल्सन यांचा समतोलाचा सिद्धांत मी पाठच केला होता: नव्या जाती येत राहतात, जुन्या संपत राहतात, आकडा एका पातळीला स्थिरावतो. फ्लोरिडातल्या खारफुटीच्या इवल्या बेटांचा प्रयोगही पुरावा म्हणून जोडला होता. सिम्बरलॉफ आणि विल्सन यांनी ती बेटं तंबूनं झाकून, विषारी धुरी देऊन कीटक मारले आणि वर्षभरात बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली. मात्र आलेल्या जाती सगळ्या त्याच नव्हत्या. तिथं तुम्ही लिहिलंत, "मग बेट परत आलं, की नुसतं भरलं?"

माझं सगळं काम आता या एका ओळीवर उभं आहे.

२०१७ मध्ये, मॅकआर्थर-विल्सन यांच्या त्या सिद्धांतावरच्या पुस्तकाला ५० वर्षं झाली तेव्हा, बेट-अभ्यासकांनी ५० मूलभूत प्रश्नांची यादी छापली होती. ती पाठवताना तुम्ही बजावलंत, "एकच निवडा." मी तीन निवडले, तुम्ही दोन खोडले. उरलेल्यावरून माझा प्रश्न असा बेतला: माणसाबरोबर आलेले उंदीर काढून टाकल्यावर बेटावर बिया पसरवण्याचं काम पुन्हा सुरू होतं का, आणि ते कोण करतं? जुनेच प्राणी हवेत, की काम करणारे कुणीही चालतील? मॉरिशसजवळच्या इल ओ एग्रेत बेटावर मूळची कासवं संपली होती, म्हणून सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाची महाकासवं आणून सोडली. ती तिथल्या आबनुसाची फळं खातात, बिया दूर टाकतात आणि रोपं उगवतात. हे परत येणं की भरणं, यावर आपलं अजून एकमत झालेलं नाही. मला ते परत येणं वाटतं, तुम्हाला वाटत नाही.

नवा आराखडा सोबत जोडलाय, अकरा पानी. न खाल्लेल्या बियांच्या वाफ्याचा नकाशा तिसऱ्या पानावर आहे. चौथी गोगलगाय अजून सापडलेली नाही, तिच्यापुढं 'दिसली नाही' एवढंच लिहिलंय.

तुमची,
टर्कीवाली