सोललेली कोळंबी आणि सीमाशुल्काचे शीर्ष

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. परदेशांतून येणाऱ्या शिजवलेल्या, मसाला लावलेल्या किंवा डबाबंद मासळीवर कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे शुल्काच्या यादीतल्या कोणत्या चार आकडी वर्गाखाली, सीमाशुल्क आकारायचे, हा प्रश्न वरवर पाहता चार आयातदार आणि त्यांचे कस्टम ब्रोकर यांच्यापुरता वाटतो. मस्जिद बंदरच्या एका ब्रोकरच्या कचेरीत गेली बावीस वर्षे मी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा तपशील सीमाशुल्क खात्याला देणारा कागद, भरण्याचे काम करीत आहे, आणि माझा अनुभव असा की या प्रश्नात लहान आयातदार भरडला जातो, तोही बहुतेक वेळा लबाडीमुळे नव्हे, तर इनव्हॉइसवरच्या अपुऱ्या वर्णनामुळे.

ओली कोळंबी वेगळी, सोडे वेगळे, कोळंबीचे लोणचे वेगळे, हा भेद आपल्या घरांत कुणाला शिकवावा लागत नाही. १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाची पहिली अनुसूची, म्हणजे शुल्काची यादीही, साधारण तोच भेद करते. ताजी, गोठवलेली, वाळवलेली, खारवलेली किंवा धुरावलेली मासळी तिसऱ्या प्रकरणात येते आणि तिच्यावर त्यापलीकडची प्रक्रिया झाली की ती सोळाव्या प्रकरणात जाते. म्हणून सोडे ०३०६ खाली, तर तेलमसाल्यातले लोणचे १६०५ खाली. धुरावलेला सामन मासा ०३०५ मध्ये, आणि तोच डब्यात शिजवून बंद केलेला असला तर १६०४ मध्ये. येथवर कुणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो सीमारेषेवर. कवचासकट नुसत्या पाण्यात उकडलेली किंवा वाफवलेली कोळंबी अनुसूचीच्या शब्दांप्रमाणे तिसऱ्या प्रकरणातच राहते. सोललेली कोळंबी उकडलेली असेल तर मात्र ती सोळाव्यात जाते. उलट, पूर्ण कच्ची असूनही पिठात घोळवलेली किंवा ब्रेडचा चुरा लावलेली कोळंबी सोळाव्यातच धरली जाते. त्यामुळे ‘शिजली की प्रकरण बदलले’ हा आमच्या धंद्यात सर्रास चालणारा ठोकताळा दोन्ही बाजूंनी चुकतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एका लहान आयातदाराचा गोठवलेल्या कोळंबीचा कंटेनर आला. इनव्हॉइसवर ‘फ्रोझन कुक्ड श्रिम्प’ एवढेच होते. त्याच पुरवठादाराचा आधीचा माल कवचासकट असल्यामुळे आम्ही ०३०६ लिहिले. मूल्यांकन करणारे अधिकारी दुसऱ्या शहरात. त्यांनी प्रश्न विचारला, आम्ही उत्तर दिले, त्यावर पुन्हा प्रश्न आला आणि शेवटी तपासणीचा आदेश निघाला. खोका कापला तेव्हा मी शेडमध्ये उभा होतो. बर्फाच्या पातळ थराखाली गुलाबी, वाकलेली कोळंबी. अंगावरचे सगळे टरफल काढलेले, फक्त शेवटच्या पेराचे आणि शेपटीचे तेवढे ठेवलेले. शेपटीचे टरफल आहे म्हणजे माल ‘कवचासकट’ म्हणायचा का, यावर तिथे उभ्या उभ्या चर्चा झाली. अंग सोललेले असताना शेपटीवरून ती कवचासकट ठरू नये, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. अखेर १६०५ हेच शीर्ष कायम झाले आणि ते योग्यच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या नऊ दिवसांत रीफर म्हणजे शीत कंटेनरचे विजेचे आणि डिटेन्शनचे, म्हणजे तो अडकून राहिल्याचे, भाडे चढत राहिले, आणि ज्या प्रश्नावर ते चढले त्याचे उत्तर पहिल्याच दिवशी एका ओळीत देता आले असते.

२०२० मध्ये देशभर फेसलेस मूल्यांकन, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या अधिकाऱ्याने फक्त कागदांवरून करायचे मूल्यांकन, सुरू झाल्यापासून ही ओळ पूर्वीपेक्षा फार महत्त्वाची झाली आहे. माल न्हावा शेव्याला आणि अधिकारी भलत्याच शहरात, म्हणजे त्यांच्यासमोर कोळंबी नसते, फक्त तिचे वर्णन असते. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की मुंबईतील सीमाशुल्क आयुक्तालयांनी तिसऱ्या आणि सोळाव्या प्रकरणातील मालासाठी एक सार्वजनिक सूचना काढून वर्णनात काय असलेच पाहिजे ते ठरवून द्यावे: माल सोललेला आहे की नाही आणि कुठपर्यंत, उष्णता दिली असल्यास कशी, तेल, व्हिनेगर, मसाला किंवा चुरा लावला आहे का, आणि मिश्र पदार्थ असल्यास मासळीचे वजन शेकडा किती. सोबत उत्पादकाने दिलेला प्रक्रियेचा तक्ता जोडावा.

वजनाचा मुद्दा मी मुद्दाम घेतला. सोळाव्या प्रकरणाच्या टिपेनुसार मांस, मासळी, कोळंबी वगैरे मिळून २० टक्क्यांहून जास्त असेल तरच तो पदार्थ त्या प्रकरणात बसतो. भाताची गोठवलेली सुशी घ्या. माशाचा काप किती जाड आहे यावर तिचे प्रकरण ठरते, आणि ते लेबलवरच्या चित्रावरून कळत नाही. त्यातही १९०२ खालच्या सारण भरलेल्या पास्त्याला ही टीप लागू नाही, म्हणजे कोळंबीचे सारण २० टक्क्यांच्या वर असले तरी तो पदार्थ १९०२ मध्येच राहतो. व्यापार करारांतील सवलती शीर्षागणिक दिलेल्या असल्याने शीर्ष चुकले की सवलतही हातची जाऊ शकते.

दुसरा त्रास मागाहून येणाऱ्या नोटिशीचा. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २८ प्रमाणे कमी भरलेले शुल्क साधारणपणे दोन वर्षांपर्यंत मागता येते. जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत. एखाद्या शीर्षाचा दावा करणे म्हणजे मालाचे खोटे वर्णन करणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक खटल्यात स्पष्ट केले आहे. तरीही शीर्षाविषयीच्या प्रामाणिक मतभेदाला दडवणुकीचे नाव देऊन पाच वर्षांचा हिशेब मांडलेल्या नोटिसा मी हाताळल्या आहेत. वर्णन पहिल्या दिवशीच पूर्ण असेल, तर दडवले काय, हा प्रश्न उरत नाही. आयातदाराला मान्य नसलेले फेरमूल्यांकन झाल्यास त्याच अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे पंधरा दिवसांत सकारण आदेश द्यायचा असतो. तो आपणहून मिळावा, त्यासाठी खेटे घालायला लागू नयेत.

नेहमीच्या मालासाठी मुंबईतच माल येण्याआधी शीर्ष ठरवून देणारे आगाऊ निर्णय प्राधिकरण आहे आणि मोठे आयातदार त्याचा उपयोग करतात. पण बंदरात विजेच्या प्लगवर उभ्या असलेल्या कंटेनरला त्या निर्णयाची तीन महिन्यांची मुदत कामाची नाही. वर मागितलेली सूचना निघाली तर ती मराठीतही काढावी, कारण हे कागद प्रत्यक्ष भरणारी आमच्यासारखी बरीच माणसे मराठी आहेत.

आपला,
एक कस्टम ब्रोकर कर्मचारी, मस्जिद बंदर, मुंबई