दह्याच्या डब्यातली सुई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या मागे माझी भंगाराची छोटी वखार आहे. लोखंड फौंड्रीवाल्यांकडे जातं, पुठ्ठा-प्लास्टिक गठ्ठे बांधून बाहेर पाठवतो. निवडायला चार बायका असतात. आपल्याकडे कचऱ्यावर येणारी पत्रं बहुतेक दुर्गंधी आणि मोकाट कुत्र्यांची. मला हातांबद्दल लिहायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात शहापूरकडून आलेल्या एका पोत्यात दह्याचा रिकामा डबा होता. आमच्या मावशींनी तो चेपला आणि आतली इन्शुलिनची सुई अंगठ्यात घुसली. त्यांनी तंबाखूच्या पिशवीतला चुना लावला आणि पुढचं पोतं ओतलं. मला कळलं संध्याकाळी, काट्यावर हिशेब करताना. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर माझ्यावरच चिडले. सुई टोचली की पिळायचं नाही, चोखायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन तडक यायचं. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या लागल्या तर त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि तेवढीही वाट बघायची नसते. हेपटायटिस बीची लस तर आधीच टोचून घेतलेली हवी, सहा महिन्यांत तीन डोस. इतकी वर्षं भंगारात काढून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मावशींच्या रक्तात पुढे काही निघालं नाही. पण शेवटची तपासणी होईपर्यंत त्यांनी नातवाला आपल्या ताटातला घास भरवला नाही. तसं काही होत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं तरी.

हातमोजे नव्हते का? होते की, खिळ्याला अडकवलेले. सुती मोज्यातून सुई आरपार जाते, आणि रबरी घातले तर दुपारपर्यंत आत घामाचं पाणी होतं. शिवाय माल कुठला ते आम्हाला बोटंच सांगतात. चुरगळून आवाज ऐकायचा, नखाने ओरखडा काढायचा, कडक की नरम ते ठरवायचं. मोजा घातला की हाताला दिसेनासं होतं. त्यात मजुरी किलोवर. ती किलोवर मीच ठेवली होती, हे कबूल करतो. आता रोजावर केली आहे. पोतं जमिनीवर न ओतता जाळीच्या टेबलावर ओततो, आधी चिमटा फिरवतो, मग हात. तळव्याला रबर चढवलेले मोजे आणले, त्यात बोटांना थोडं कळतं. सुई मात्र त्यांनाही जुमानत नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांत कामगारांना मोजे, बूट, मास्क, रेनकोट द्यावेत असं लिहिलं होतं. चार माणसांच्या वखारीत ते बघायला कोण येतो? ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तोही दहा कामगारांच्या आत सहसा सक्तीचा नसतो.

म्हणून विनंती थेट मधुमेही घरांना. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, फिनाइलची चालेल. पाण्याची पातळ बाटली नको, ती आम्ही चेपतोच. झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा. वर मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, आणि वाचता न येणाऱ्यासाठी एक लाल फुली काढा. भरली की सुक्या कचऱ्यात किंवा रद्दीत घालू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा, दवाखान्यातल्या सुया वेगळ्या जातात, त्यात ती घेतील का. नाही घेतली तर कचऱ्याच्या गाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या, काय आहे ते सांगून.

परवा टिळकवाडीतले एक आजोबा रद्दी घालायला आले. पिशवीतून तशी बाटली काढून त्यांनी काट्यापासून लांब ठेवली आणि म्हणाले, "ही कुठं द्यायची तेवढं सांगा. हिचं वजन धरू नका."

आपला,
एक भंगार व्यावसायिक, बेळगाव