काम करणाऱ्याच्याच टेबलावर दुसऱ्याचे काम का?

मा. संपादक,

कामचुकारपणावर वाचकांची जी पत्रे छापून येतात, त्यांत उपाय बहुधा एकच असतो: कडक शिस्त. बोटाचा ठसा घ्या, कॅमेरे लावा, पगार कापा. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासणी विभागाची सुपरवायझर होते. काम टाळणारी माणसे रोज जवळून पाहिली. हजेरीत ती सापडत नाहीत. वेळेवर येतात, जागेवर असतात, हातात मोजमापाचा गेजही असतो.

आमच्याकडे काम कसे टाळले जाई ते सांगते. दर तासाला मशीनवरचे काही नग उचलायचे, व्यास मोजायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा. टाळणारा हा सगळा तक्ता शिफ्ट संपताना एका बैठकीत भरतो. अक्षर एकाच लयीत, आकडे २०.०१, २०.०२, पुन्हा २०.०१. प्रत्यक्षात लेथवर नग बाहेरून कातताना कापणारे टूल झिजते तसा व्यास हळूहळू वाढतो आणि टूल बदलले की खाली येतो. खोट्या रजिस्टरमध्ये टूल कधी झिजतच नाही. सवयीच्या डोळ्याला ते पान लगेच ओळखू येते.

त्याचे परिणाम दुसऱ्याच विभागात दिसतात. जोडणीच्या लाइनवर भाग बसत नाही, तिथला कामगार खोळंबतो, अनेक शिफ्टचा माल बाजूला काढून नगन् नग पुन्हा मोजावा लागतो. आणि हे मोजायला कोणाला बसवतात? ज्यांनी आपले काम आधीच नीट केलेले असते त्यांना. कारण त्यांच्यावर भरवसा असतो.

आमच्या विभागातल्या एका बाईंचा हात फार नेमका होता. म्हणून प्रत्येक अडलेला लॉट त्यांच्याकडे जाई. हे ठरवणारे माझ्या वरचे होते. मी हरकत घेतली, पण ‘माल अडलाय’ यापुढे कोणाचे काही चालत नसे. कालांतराने त्याही बसल्या जागी तक्ता भरू लागल्या. त्यांना मेमो मिळाला. ज्यांचे काम त्या इतके दिवस उपसत होत्या, त्यांना कोणी काही विचारले नाही. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

मी माणसांना एकेकटे बसवून विचारत असे. आळस हे कारण क्वचितच निघाले. एकाने सांगितले, “मॅडम, साइज मर्यादेबाहेर चाललीय म्हणून मी सांगितलं होतं. तरी माल पुढे गेला. मग मोजून काय करू?” दुसऱ्याचे म्हणणे, लवकर संपवले की उद्यापासून तेवढेच टार्गेट. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तसेच घडत होते.

हे फक्त आमच्या कारखान्यापुरते नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण झाले. जास्त काम केले तर पैसे वाढत होते, तरी दिवसाला किती काम ‘पुरे’ हे त्यांनी आपसातच ठरवलेले होते. जो पुढे जाई त्याच्या दंडावर बाकीचे गुद्दा मारत. उत्पादन वाढले तर दर कापतील किंवा माणसे कमी करतील, ही त्यांची भीती होती.

फ्रेंच कृषी अभियंता माक्सिमिलियां रिंगेलमान यांनी १९१३ मध्ये दोरी ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. आठ जणांनी मिळून ओढल्यावर लागलेला जोर त्यांच्या एकेकट्याच्या जोराच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा होता. त्यातला काही भाग ताळमेळ न जुळल्यामुळे जातो. पण १९७९ मध्ये लातने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून पाहिले, तेव्हा आपण गटात आहोत असे नुसते वाटले तरी माणूस कमी जोर लावतो असे दिसले. पुढे १९८१ मध्ये त्यांनीच दाखवले की प्रत्येकाचा वाटा स्वतंत्र ओळखता येत असेल, तर ही ढिलाई उरत नाही.

आमच्या छोट्या विभागात मी माझ्या अखत्यारीत जे होते ते केले. प्रत्येक ट्रेवर मोजणाऱ्याचे नाव. आपला लॉट संपवलेल्याला त्या दिवशी दुसऱ्याचा लॉट नाही. आणि साइज बाहेर गेल्याचे कोणी कळवले की मशीन थांबवून सेटिंग तपासायचे, काय निघाले ते त्यालाच येऊन सांगायचे. या तिसऱ्या गोष्टीसाठी उत्पादन विभागाशी सर्वांत जास्त भांडावे लागले आणि सर्वांत जास्त फरकही तिनेच पडला. रजिस्टरमधले आकडे हलू लागले. तरीही टाळणारे काही जण राहिलेच. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी, याबद्दल माझे दुमत नाही.

पण पगारकपातीची नोटीस लावण्याआधी प्रत्येक व्यवस्थापकाने मागच्या महिन्याच्या दोन नोंदी काढून पाहाव्यात: राहिलेले काम कोणाकोणाकडे वळवले गेले, आणि कामगारांनी कळवलेल्या दोषांपैकी किती वेळा खरोखर मशीन थांबवले. अशा नोंदी नसतील तर आजपासून ठेवाव्यात. त्यासाठी कॅमेरा लागत नाही, एक वही पुरते.

– एक निवृत्त तपासणी सुपरवायझर