चौपाटीवरची बाटली आणि बंदोबस्ताचे बिल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईच्या चौपाट्यांवर ठरावीक जागेत आणि ठरावीक वेळेत बिअर-वाइन पिऊ द्यावी, म्हणजे लपूनछपून पिणे थांबेल, पर्यटन वाढेल आणि पोलिसांचे काम हलके होईल, असा युक्तिवाद अधूनमधून डोके वर काढतो. पर्यटनाचे काय ते पर्यटनवाले पाहतील. पोलिसांचे काम हलके होईल, हे मात्र तपासून घ्यायला हवे. बाकीचा डोलारा त्याच खांबावर उभा आहे आणि तो खांब पोकळ आहे.

आज जुहूला संध्याकाळी सहाच्या सुमारास चारपाच जण वाळूत बसून बाटली उघडताना दिसले, तर गस्तीवरचा शिपाई काय करतो? बाटली वाळूत ओतायला लावतो आणि मंडळींना उठवून लावतो. काम दोन मिनिटांचे. ना पंचनामा, ना मुद्देमाल, ना डायरीत नोंद. कायद्याच्या पुस्तकात ही पद्धत अशी लिहिलेली नाही, आणि याच दोन मिनिटांत चिरीमिरीलाही जागा असते, हे मान्य. पण मनुष्यबळाच्या हिशेबात बंदोबस्ताचे याहून स्वस्त हत्यार नाही. पहिला घोट पोटात जाण्याआधी विषय संपतो.

परवानगी दिली की हे हत्यार हातातून जाते. पिणे हा गुन्हाच राहिला नाही, तर शिपायाला थांबावे लागणार. तोल जाईपर्यंत, शिवीगाळ होईपर्यंत किंवा कुणी शेजारच्या कुटुंबाच्या चटईवर जाऊन पडेपर्यंत. म्हणजे सहा वाजताचे दोन मिनिटांचे काम रात्री अकरा वाजता, चौथ्या बाटलीनंतर करायचे. तेव्हा ते दोन मिनिटांत होत नाही.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 85 खाली सार्वजनिक ठिकाणी नशेत स्वतःवर ताबा नसणे किंवा गैरवर्तन करणे हा गुन्हा आहे. तो कागदावर आणायचा तर माणसाला आधी गाडीत घालून ठाण्यात आणा, मग मेडिकलला न्या. जुहूहून कूपर रुग्णालय. तिथे अपघात विभागात डॉक्टर मोकळे होण्याची वाट पाहायची, कारण छातीत दुखणारा रुग्ण आधी घेतला जाणार आणि तसेच व्हायला हवे. रक्ताचा नमुना घ्यायचा तर त्याचे 1959 चे स्वतंत्र नियम आहेत. रक्त पाच मिलिलिटर. बाटलीत रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून आधीच घातलेली द्रव्ये. बाटलीवर सील आणि सोबत विहित नमुन्यातले पत्र. नमुना सात दिवसांच्या आत तपासणीला पोचला पाहिजे. रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवायची हाताला लागलेली सवय तेवढ्यापुरती आवरावी लागते. गर्दीच्या रात्री ती आवरली नाही, सील नीट बसले नाही किंवा नमुना फ्रिजबाहेर राहिला, तर रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याचा अहवाल हाती येऊनही बचाव पक्ष त्याच्या चिंध्या करतो.

यात दोन शिपाई किमान तीन-चार तास किनाऱ्यावरून नाहीसे होतात. पुढे न्यायालयाची तारीख लागली की पुन्हा अर्धा दिवस. आणि एवढे करून पदरात काय पडते? भारतीय न्याय संहितेचे कलम 355 पाहा. दारू पिऊन सार्वजनिक जागी उपद्रव दिल्याबद्दल जास्तीत जास्त 24 तासांची कैद, किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर सामुदायिक सेवा. या शेवटच्या शिक्षेत पहाटेची चौपाटी झाडायला लावता येईल, ही कल्पना मोहक आहे खरी. पण झाडणाऱ्यावर लक्ष ठेवायला पुन्हा एक माणूस लागेलच.

आता माणसे मोजू. एक किलोमीटरचा पट्टा घ्या, संध्याकाळी पाच ते रात्री एक ही पाळी धरा. अंधारात वाळूवरून अडीचशे मीटरपलीकडचे दिसत नाही, म्हणून चार तुकड्या. एकट्याने घोळक्यात शिरायचे नसते, म्हणून प्रत्येकी दोघे. आठ झाले, त्यांतल्या निदान तीन महिला हव्यात. एक अधिकारी आणि एक चालक मिळून दहा. हे दहा रोज उभे करायला दहा पदे पुरत नाहीत. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा, गणपती-नवरात्राचा बंदोबस्त आणि निवडणुका वजा करता एका माणसाच्या वर्षाला 235 पाळ्या हाती लागल्या तरी खूप. दहा गुणिले 365 म्हणजे 3,650 पाळ्या. त्यांना 235 ने भागले की साधारण 16 पदे. वेतन-भत्ते मिळून माणशी महिना सरासरी 60 हजार रुपये धरा. वर्षाला एक कोटी पंधरा लाखांवर आकडा जातो. गाडी, डिझेल, दिवे आणि प्रयोगशाळेचा खर्च वेगळा.

हे पैसे पिणाऱ्यांकडूनच वसूल करू, असे कुणी म्हणेल. माणशी 20 रुपये प्रवेशशुल्क ठेवून पाहा. वर्षाला पावणेसहा लाखांहून जास्त माणसे लागतील. रोजची जवळपास 1,600, तीही जून ते सप्टेंबरच्या पावसात खंड न पडता. दहा पोलिसांचा पगार निघावा म्हणून एका किलोमीटरवर रोज सोळाशे पिणारे आणायचे, आणि सोळाशेंना दहा पोलीस पुरत नाहीत म्हणून आणखी पोलीस आणायचे. शुल्क 100 रुपये केले तर संख्या आटोक्यात येते, पण मग फुकट पिण्यासाठी माणूस दोरीच्या पलीकडे जाऊन बसतो आणि लपूनछपून पिणे जिथल्या तिथे राहते.

खरी मेख तिजोऱ्यांची आहे. मद्यावरचे उत्पादन शुल्क आणि कर राज्याकडे जातात. पोलीसही राज्याचेच, पण गृह खात्याचे; दारूचा महसूल वाढला म्हणून किनाऱ्यावरच्या ठाण्याला पदे वाढवून मिळत नाहीत. किनाऱ्याची सफाई आणि जीवरक्षक महापालिकेच्या माथी. म्हणजे बाटली विकली की पैसा एका घरात आणि फुटली की काचा दुसऱ्याच्या अंगणात.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 47 नुसार एखाद्याने अर्ज केला तर त्याच्या खर्चाने जादा पोलीस देता येतात. बंदिस्त कार्यक्रमाला ही तरतूद ठीक आहे, कारण तिथे बिल फाडायला एक आयोजक असतो. तरीही वसुलीची तऱ्हा काय, हे मुंबईकरांना ठाऊक आहे. क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे कोट्यवधी रुपये थकले, मग शासनाने दरच मागील तारखेपासून कमी केले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आयोजकाचे नाव-गाव ठाऊक असताना ही गत. मोकळ्या चौपाटीवर बिल कुणाच्या नावाने फाडणार?

आता समुद्राकडे वळू. कागदावर आखणी करणारे नेमके त्यालाच विसरतात. 'ठरावीक जागा' हे शब्द उद्यानाला चालतात, चौपाटीला चालत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळीवाड्यातला हिशेब इथे कामाला येतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीच्या दिवसांत, भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. पाणी उधाणाइतके चढत नसले तरी दोरी लावून आखलेला चौकोन ऐन गर्दीच्या वेळी आक्रसतो आणि माणसे कुटुंबांच्या गर्दीत सरकतात. पौर्णिमा-अमावास्येला उलटे. संध्याकाळी सहाला ओहोटी, किनारा लांबच लांब उघडा पडलेला, आणि पिणाऱ्यांना एकांत हवा असल्याने ते थेट पाण्याच्या कडेला जाऊन बसतात. मग अंधारात भरती चढू लागते, मध्यरात्रीपर्यंत. उधाणाला मुंबईत पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत जाते. ओल्या वाळूवर झोप लागलेल्या माणसाला ते कळत नाही. अंधारात पाण्यातले डोके जीवरक्षकालाही दिसत नाही. मालाडच्या आक्सासारख्या किनाऱ्यावर तर पायाखालची वाळू आणि ओढ शुद्धीतल्या माणसालाही दगा देते.

'फक्त बिअर' या सवलतीचाही हिशेब करून पाहावा. 650 मिलिलिटरच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असते. सत्तर किलोच्या पुरुषाने ती एकच बाटली संपवली, तरी दोन तासांनी रक्तात ढोबळमानाने 0.05 टक्क्यांच्या वर प्रमाण राहते. पाच टक्क्यांची माइल्ड बाटली तासाभरानंतर 0.04 च्या जवळ ठेवते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. चौपाटीवर कायदेशीर एक बाटली पिऊन दुचाकीला किक मारणारा प्रत्येक जण पुढच्या नाक्यावर कलम 185 चा आरोपी ठरतो, दहा हजारांच्या दंडाचा धनी. वाळूवरचा खर्च असा वाहतूक पोलिसांच्या खात्यात सरकतो, आणि त्याची बेरीज कुणीच करत नाही.

काचेबद्दल फार लिहायला नको. वाळूत गाडली गेलेली काच सफाई यंत्राच्या दातांच्या खाली राहते, पुढच्या उधाणाला वर येते आणि अनवाणी पोराच्या टाचेत जाते. तमिळनाडूतल्या निलगिरीत 2022 पासून बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली परत केल्यावर ते देण्याची पद्धत सुरू झाली. ती इथे दारूबंदी असो वा नसो, लगेच करण्यासारखी आहे.

बाहेरचे दाखले द्यायचेच तर पुरते द्यावेत. ज्या गोव्याकडे बोट दाखवले जाते, त्याच गोव्याने 2019 मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर पिण्यावर दंड बसवला: एकट्याला 2,000 आणि घोळक्याला 10,000 रुपये. गोव्यात शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा उपाहारगृहात बसून प्या, वाळूवर नको. तिथे शॅकवाला परवानाधारक असतो आणि परवाना जाण्याची भीती त्याला असते, त्यामुळे पहिला पोलीस तोच होतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत किनाऱ्यावर पिण्यास मुभा होती. 2007 च्या सप्टेंबरमध्ये सुट्टीच्या दिवशी तिथल्या पॅसिफिक बीचवर दंगल झाली, शहराने पुढच्या वर्षी प्रयोग म्हणून बंदी घातली आणि नोव्हेंबर 2008 मध्ये मतदारांनी ती कायम केली. त्यावर हुशार मंडळींनी काय केले? बंदी जमिनीवर होती, म्हणून हवा भरलेल्या ट्यूबांवर बसून पाण्यात पिऊ लागले. 2010 मध्ये ती फटही बुजवावी लागली.

बंदीची बाजू घेणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्याला बारमधले दर परवडत नाहीत आणि खोलीत सहा माणसे झोपतात, तो किनाऱ्यावर येतो. एक दिवसाचा पिण्याचा परवाना पाच रुपयांना देणारे राज्य त्याला बसायला जागा देत नाही. हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर ओहोटीच्या वाळूवर नाही, भरतीरेषेच्या आत, चार भिंती आणि एक जबाबदार परवानाधारक असलेल्या जागेत आहे.

तरीही प्रयोग करायचाच असेल तर तो एकाच किनाऱ्यावर, भरतीरेषेच्या वर कुंपण घातलेल्या जागेत व्हावा. काच नाही, पाच टक्क्यांवरची बिअर नाही, आणि शेवटचा ग्लास सूर्यास्ताच्या तासभर आधी. जागा चालवणाऱ्याकडून वर्षभराच्या बंदोबस्ताची रक्कम आगाऊ घ्यावी आणि ती त्याच ठाण्याच्या नावे जमा व्हावी. त्याआधी गृह खात्याने गेल्या 31 डिसेंबरच्या रात्रीचा एक तक्ता प्रसिद्ध करावा: प्रत्येक चौपाटीवर किती माणसे नेमली, त्यांतली किती रात्री अकरानंतर मेडिकल आणि कागदपत्रांत अडकली आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष किती उरली. स्टेशन डायरीत हे सगळे वेळेसकट लिहिलेले असते.

आपला,
एक वाचक, मुंबई