शिडाच्या होडीवर पक्के छप्पर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर यांत्रिक लाँचबरोबर शिडाच्या छोट्या होड्याही सुरू कराव्यात, असे सुचवणारे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाले. सूचना स्वागतार्ह आहे. मात्र उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून या होड्यांवर बामणोलीच्या लाँचसारखे पक्के छप्पर बसवावे, असे जे त्या पत्रात म्हटले आहे, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. साताऱ्यात ट्रकच्या ताडपत्र्या आणि मांडवाचे कापड शिवण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली आहेत. आणि माझ्या जावयाने मित्रांच्या भागीदारीत मुंबई बंदरात वीस फुटी शिडाची जुनी नौका घेतल्यापासून तिच्यासाठी सावली शिवण्याचे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले आहे.

लाँचला इंजिन असते, शीड नसते, म्हणून तिच्यावर छप्पर शोभते. शिडाच्या होडीत डोलकाठीला जोडलेला एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात, आणि होडीचे तोंड वळले की तो बसलेल्यांच्या डोक्यावरून एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे झोकाने जातो. छप्पर या दांड्याच्या उंचीच्या वर न्यावे तर दांडा त्याच्या खांबांवर आदळणार, आणि खाली घ्यावे तर माणसांना मान मोडून बसावे लागणार. शिवाय सुकाणू धरणाऱ्याला शीड कुठे फडफडते आहे हे सतत मान वर करून पाहावे लागते. त्याच्या डोळ्यांवर पत्रा ठोकला तर तो होडी हाकणार कशी? उंचावर चढवलेल्या वजनाने लहान होडी अधिक कलते, ते वेगळेच.

एवढे मोठे शीड असताना वेगळी सावली कशाला, असा प्रश्न मलाही पहिल्या फेरीपूर्वी पडला होता. गेटवेहून मांडव्याकडे, म्हणजे साधारण दक्षिणेला, दुपारी चारच्या सुमारास निघाल्यावर उत्तर मिळाले. उन्हाळ्यात त्या वेळी वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि सूर्यही पश्चिमेकडेच झुकलेला असतो. वाऱ्याने होडी डावीकडे कलते, शीड डावीकडे जाते आणि त्याची सावलीही तिकडेच पाण्यावर पडते. तोल सांभाळायला माणसांना मात्र उजव्या काठावर, थेट उन्हाला तोंड देऊन बसावे लागते. दीड तास आम्ही आमच्याच शिडाची सावली हाताच्या अंतरावरून पाहत होतो. भर दुपारी तर तेवढीही नसते. साताऱ्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या १० तारखेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि आपल्या घड्याळात ही वेळ बाराची नसून साडेबाराची असते. तेव्हा उभ्या शिडाची सावली दांड्याखालच्या पट्ट्यापुरती उरते.

म्हणून अशा नौकेवर दोन प्रकारच्या सावल्या ठेवतात. एक, चालत्या नौकेत सुकाणूवाल्यापुरती, बूमचे टोक जिथे संपते त्याच्या मागे, नळ्यांच्या घडीच्या सांगाड्यावर ताणलेली. तिला बिमिनी म्हणतात. तिच्यात शीड दिसावे म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी शिवावी लागते. दुसरी, नांगर टाकल्यावर बूमवरून पसरायची, तंबूसारखी. ही दुसरी सावली मी पहिल्यांदा ट्रकच्या ताडपत्रीसारखी शिवली आणि तशीच बांधली, म्हणजे चारी कोपऱ्यांना घट्ट निरगाठी मारून. मेच्या अखेरीस मांडव्याजवळ नांगरावर असताना वळवाचा वारा सुटला. ताशी ५५ किलोमीटरचा वारा समोर आडव्या आलेल्या कापडाला चौरस मीटरमागे सुमारे चौदा किलोंनी रेटतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. माझे कापड चार चौरस मीटरांचे होते. नौका नांगराभोवती हेलकावू लागली, भिजलेल्या निरगाठी नखांनी सुटेनात, शेवटी जावयाने कांदा चिरायच्या सुरीने दोऱ्या कापल्या. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक टोकाला सुरगाठ असते आणि तिचे शेपूट हाताला लागेल असे लोंबते. एका हाताने, न पाहता, दहा आकडे मोजेपर्यंत उतरत नाही ते कापड होडीवर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापडाबद्दल दोन शब्द. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त असते, पण ती कर्कश फडफडते आणि उन्हाने लवकर चिरते. रोपवाटिकेची हिरवी शेडनेट वारा बऱ्यापैकी जाऊ देते, म्हणून कमी ओढते. पण पन्नास टक्क्यांची जाळी म्हणजे निम्मे ऊन अंगावर, हे विसरू नये. पांढरे कापड थंड वाटते खरे, परंतु पाण्यावरची चमक त्याच्या खालच्या बाजूने परत डोळ्यांत येते. म्हणून आतली बाजू गडद असलेली बरी. आणि कापडाच्या आधी दोरा जातो. सुती दोऱ्याची टीप कुजते. तिथे जाड पॉलिस्टर दोरा आणि दोरी ओवायच्या भोकांना पितळी कड्या, म्हणजे आयलेटच हवेत.

एवढे करूनही चालत्या होडीत खरी सावली अंगावर घालूनच न्यावी लागते. कापडाखाली बसले तरी आकाशातून विखुरलेले आणि थोडेफार पाण्यावरून उलटलेले अतिनील किरण बाजूंनी पोहोचतातच. पांढऱ्या पातळ सुती बनियनपेक्षा घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा, गडद सदरा अधिक अडवतो. सुती कापड ओले झाले की त्याची अडवण आणखी घटते. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडी राहतात. रुंद काठाची टोपी हनुवटीखाली नाडी बांधून घालावी, नाहीतर आपले शेतकरी बांधतात तसे उपरणे कानांवरून मानेपर्यंत घ्यावे. उन्हापासून वाचवणारे मलम लावायचे तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते, आणि ते नेमके विसरते.

शिवसागरावर हे अधिक जपावे लागेल. तिथले पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे आणि वारा गार, त्यामुळे कातडी भाजते आहे हे संध्याकाळी घरी आल्यावरच कळते. डोंगरांमधून येणारा वारा एकसारखाही नसतो. तेव्हा होड्या सुरू झाल्याच, तर पक्क्या छपराची अट घालू नये. घडीची सावली, सुरगाठी आणि प्रत्येकाला नाडीची टोपी यांची घालावी, आणि एप्रिल-मेमध्ये साडेअकरा ते साडेतीन फेऱ्या बंद ठेवाव्यात.

राहता राहिला काठ. उन्हाळ्यात जलाशय उतरला की धक्क्याजवळचे शेड वरच राहते आणि लोक खाली भेगाळलेल्या गाळावर, होडीची वाट पाहत, ऊन खात उभे असतात. पत्र्याच्या दुसऱ्या शेडवर खर्च करण्याऐवजी चार वासे आणि एक कापड ठेवले, तर तो मांडव पाण्याच्या मागोमाग दर आठवड्याला खाली सरकवता येईल.

आपला,
ताडपत्री शिवणारा एक वाचक,
सातारा