फोटोखाली नाव तरी छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

19 ऑगस्टची छायाचित्रण दिनाची तुमची पुरवणी वाचली. छान होती, बाबूराव पेंटरांनी आपल्या कोल्हापुरात स्वदेशी कॅमेरा बनवला ते पण सविस्तर आलंय, पण अख्ख्या पुरवणीत फोटोत बायका भरपूर आणि कॅमेऱ्यामागं एक पण नाही हो!

आपल्या देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला तरी यायला पाहिजे होत्या. जन्म 1913, नवसारीचा, मुंबईत जेजे स्कूलला शिकल्या आणि सुरवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावावर, कारण बाईच्या नावाला तेव्हा कोण विचारणार. मग 1942 ला दिल्ली. साडी नेसून सायकलवरनं जायच्या, सोबत तो स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याचा जड धोंडा, आणि 16 ऑगस्ट 1947 ला लाल किल्ल्यावर झेंडा चढला तो, माउंटबॅटन देश सोडून निघाले तो, गांधीजींची अंत्ययात्रा, शास्त्रीजींची पण, सगळं ह्या बाईनं टिपलंय. नेहरू कबुतर सोडतायत तो फोटो बघितला नाही असा माणूस नसंल, पण खाली नाव? 'संग्रहित', झालं. 1970 ला कॅमेरा ठेवला तो कायमचाच, आणि पद्मविभूषण मिळाला 2011 ला, वयाच्या 97 व्या वर्षी. लवकरच म्हणायचं!

सिनेमा दिग्दर्शक बिमल रॉय सगळ्यांना माहीत, त्यांच्या मिसेस मनोबिना रॉय स्वतः उत्तम फोटोग्राफर होत्या हे कितीजणांना माहीत आहे? त्या आणि त्यांची जुळी बहीण देबलीना, दोघींना वडलांनी बाराव्या वाढदिवसाला कॅमेरा दिला होता. आणि चरख्याजवळ वाचत बसलेल्या गांधीजींचा 1946 चा फोटो मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंचा, त्यांना आधी सूत कातायला शिका मगच फोटो असं सांगितलं होतं, तेवढं केलं तेव्हा आत सोडलं.

आता घरचं सांगते. आमचा स्टुडिओ होता, सासूबाई निगेटिव्हचं रिटचिंग करायच्या. काचेच्या तिरक्या डेस्कवर निगेटिव्ह, खालनं उजेड, पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलेलं. निगेटिव्हवर काळं-पांढरं उलटं असतं, म्हणून चेहऱ्यावरची सुरकुती तिथं कोरी दिसते, तिथं हलक्या हातानं पेन्सिल भरली की प्रिंटमध्ये सुरकुती गायब, जरा जास्त झालं की पांढरा डाग. पडदा पाळणाऱ्या बायका यायच्या तेव्हा फोटो पण त्याच काढायच्या, सासरे बाहेर बसायचे. प्रिंटच्या मागं शिक्का मात्र सासऱ्यांचाच, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, सासूबाईंना पण नाही (मला वावगं वाटतं, पण ते नंतरचं).

अशी घरं कोल्हापुरात अजून असणार. तुमचा एखादा वार्ताहर पाठवा, जुन्या स्टुडिओवाल्यांच्या घरी जाऊन आजींना विचारू दे की काम कोण करत होतं, आणि ते छापा. शाहू स्मारकला प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळींनी पण मनावर घ्यावं, भिंतीवर लावण्यासारखं भरपूर निघंल. आणि आत्ता नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीत घुसून तुमच्यासाठी फोटो काढणाऱ्या पोरी आहेत, त्यांची नावं छापायला तर काहीच शोधावं लागणार नाही.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर